वाजणारं बूच आणि तिथीची पाऊणपट

शुक्रवार, एकादशी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ह्यूस्टन सोडलं. गाडीत तीन माणसं, पाच गऱ्या, बर्फाचा एक पेटारा, आगळाची बाटली, मालवणी मसाल्याची बरणी आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. खिचडी बाबांची. मासे मारायला निघालेल्या माणसाने एकादशी कशासाठी पाळायची, यावर माझा नागपूरचा मित्र वाटेतलं बोमॉन्ट गाव येईपर्यंत वाद घालत होता. बाबांचं म्हणणं सरळ होतं: “आज मारूचे नाय. आज फकत जावचा आसा.”

बाबा मालवणजवळच्या देवबागचे. पुढे समुद्र, मागे कर्लीची खाडी आणि मधे जमिनीची एक पट्टी. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं घड्याळ खाडीच्या पाण्यावर चालतं. ह्यूस्टनला येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढे दिवस ते रोज एकच विचारत होते, की इथली माणसं गरवायला जातात कुठे. जवळचं उत्तर गॅल्व्हस्टन, तासाभरावर. पण फेब्रुवारी 2021 च्या थंडीत टेक्सासच्या खाड्यांमधले लाखो मासे गारठून मेले. तेव्हापासून तिथले नियम आवळत गेले आणि 2024 पासून स्पेकल्ड ट्राउट, म्हणजे ठिपकेवाले मासे, माणशी दिवसाला फक्त तीन ठेवता येतात. शेजारच्या लुइझियाना राज्यात अजूनही पंधरा चालतात. देवबागहून आलेल्या माणसाला तीन माशांसाठी बोटीत बसवणं बरं दिसलं नसतं, म्हणून सहाशे किलोमीटर गाडी हाणून लुइझियानातलं ग्रँड आइल बेट.

लेक चार्ल्सला कॅल्कॅश्यू नदीवरचा 1952 चा पूल लागतो. त्याच्या लोखंडी कठड्यावर एकमेकांवर तिरपी ठेवलेली पिस्तुलं ओळीने ओतलेली आहेत. झाँ लाफीत नावाच्या समुद्री लुटारूची ती आठवण म्हणे. आम्ही निघालो होतो ती बाराटारिया खाडीच त्याचा अड्डा होती आणि 1814 च्या सप्टेंबरात अमेरिकी नौदलाने तो उद्ध्वस्त केला. लुटारूच्या नावाने सरकारी पुलाला पिस्तुलं, हे बाबांना भलतंच आवडलं. पुढे स्कॉट गावात मित्राने बूदँ घेतलं, म्हणजे भात आणि डुकराचं मांस भरलेली आतडी. बाबा काच वर करून बसले.

लाफायेतनंतर आम्ही दक्षिणेला वळलो. मॉर्गन सिटी मागे पडलं आणि मग बायू लाफूर्श. बायू म्हणजे संथ पाण्याचा प्रवाह, आणि हा तर एकेकाळी मिसिसिपीचाच फाटा होता. रस्ता त्याच्या काठाने कितीतरी वेळ चालतो. एकामागून एक गावं, चर्चं, दुकानं आणि घरांसमोर पाण्यात बांधलेल्या कोळंबीच्या बोटी, जाळी दोन्ही बाजूंना पंखांसारखी उभी. गोल्डन मेडोनंतर जमीन संपत जाते. गवत, पाणी, पुन्हा गवत, आणि मधेच खाऱ्या पाण्याने मेलेल्या झाडांचे पांढरे सांगाडे. लीव्हिलच्या उंच पुलावरून दोन्हीकडे पाहिलं तर रस्ता सोडून घट्ट असं काही दिसत नाही.

खाली उतरल्यावर बाबांनी गाडी थांबवायला लावली. कडेच्या चिखलात कंबरभर उंचीची झुडपं होती आणि त्यांच्याभोवती चिखलातून वर आलेल्या बोटभर मुळ्या. “तिवर,” बाबा म्हणाले. इथे त्याला ब्लॅक मॅन्ग्रोव्ह म्हणतात. आपल्या तिवराच्याच जातकुळीतला, फक्त थंडीने खुरटलेला. बाबांनी एक पान तोडून जिभेला लावलं आणि खारट आहे म्हणून मान डोलावली. मला वाटतं त्या क्षणी ते ग्रँड आइलला पोचले. मी पोचलो अर्ध्या तासाने.

बेट एवढंसं. घरं सगळी खांबांवर, खाली गाड्या आणि बोटी. सुट्टीतल्या घराला इथे ‘कॅम्प’ म्हणतात आणि प्रत्येक कॅम्पला पाटी असते. 29 ऑगस्ट 2021 ला आयडा वादळ पोर्ट फूर्शाँपाशी किनाऱ्याला धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटर होता. अजूनही मधेमधे नुसते खांब उभे आहेत, वर घर नाही. आमचा कॅम्प खाडीच्या बाजूला, मागे लाकडी धक्का. सामान चढवायच्या आधी बाबा धक्क्यावर गेले, पाण्याच्या रेषेवर खांबाला सुतळी बांधली आणि आकाशाकडे बघून म्हणाले, “उद्या द्वादशी. नऊ वाजता भरती.”

हे गणित मी लहानपणापासून ऐकतोय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची सगळ्यात कमी चढ-उतार. मोबाइल नव्हते तेव्हापासून कोकणातली पोरं हे गणित करतात आणि ते चुकत नाही.

शनिवार, द्वादशी

साडेसहाला ठरवलेल्या बोटीचा कॅप्टन धक्क्यावर हजर. पन्नाशीचा केजन, म्हणजे इथल्या फ्रेंच वंशाचा माणूस, रबरी पांढरे बूट, आवाज खणखणीत. बाबांचं नाव त्याने दोनदा विचारलं, दोनदा त्याची जीभ अडखळली आणि मग त्याने त्यांना ‘पॉप्स’ करून टाकलं. बाबांनी ते ‘बापूस’च्या जवळपासचं काहीतरी असावं असं धरून चालवून घेतलं.

आधी आमिष. मरिनातून शंभर जिवंत कोळंब्या मोजून घेतल्या. त्या बोटीच्या टाकीत सोडायच्या आणि टाकीत हवा सोडणारा पंप दिवसभर गुरगुरत ठेवायचा. पंप बंद पडला की अर्ध्या तासात कोळंबी आडवी होते, आणि मेलेली कोळंबी ट्राउटपेक्षा बाकीच्यांनाच जास्त आवडते. टाकीत डोकावून बाबांनी हिशेब मांडला. शंभर सुंगटं, एवढी मोठी, आणि ही माशांना घालायची? घरी एवढ्यात चार माणसांचं सुक्कं झालं असतं.

मग कॅप्टनने पॉपिंग कॉर्क काढला. आपल्याकडे बूच म्हणजे पाण्यावर गप्प तरंगणारी वस्तू. ती बुडली की मासा लागला, एवढंच तिचं काम. हे बूच वेगळं. वरचं तोंड बशीसारखं खोलगट, पोटातून पोलादी तार आरपार, तारेवर पितळेचे आणि प्लॅस्टिकचे मणी, बुडाला वजन. त्याखाली दोन-अडीच फूट फ्लुरोकार्बनची जवळजवळ न दिसणारी दोरी आणि टोकाला छोटा तिहेरी गळ. कोळंबी टोचायची ती डोक्यावरच्या करवती शिंगाच्या खाली, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी तिथेच मेली. नीट टोचली तर ती तासभर पाय मारत राहते.

गरी टाकायची, दोरीची ढील ओढून घ्यायची आणि मनगटाने एक कडक झटका. बशीत पाणी भरतं आणि ‘गुळुप्’ असा मोठा आवाज होतो, वर मणी खुळखुळतात. मग थांबायचं. मनात वीस आकडे मोजायचे. पुन्हा झटका.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. देवबागला गरवताना होडीत खोकलेलंही चालत नाही. वल्हं होडीच्या काठाला लागलं म्हणून मी मार खाल्लेला आहे. आणि इथे सात फुटांची काठी घेऊन मुद्दाम आवाज करायचा! कॅप्टनने समजावलं: ट्राउट वरच्या पाण्यात कोळंबी पकडतो तेव्हा असाच गुळुप् आवाज होतो आणि कोळंबी उडी मारते तेव्हा मण्यांसारखी टिकटिक. पाणी गढूळ असलं की मासा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त अवलंबून असतो. म्हणजे शेजारच्या घरात पंगत बसल्याचा आवाज ऐकून आपण पान मागायला जावं, तसं. आवाजाने बोलवायचं आणि मग ती वीस सेकंदांची शांतता द्यायची. पाहुणा शांततेतच येतो. शिकाऊ माणसाची चूक एकच, तो सारखा वाजवत बसतो. माझा मित्र दिवसभर ती चूक करत होता.

आम्ही शेजारच्या ग्रँड टेर बेटाच्या बाजूने गेलो. तिथे लिव्हिंगस्टन किल्ल्याच्या विटांच्या भिंती निम्म्या पाण्यात उतरल्या आहेत. सिंधुदुर्ग बघत वाढलेल्या माणसाने तिकडे एकदा पाहिलं आणि काही बोलला नाही. मग कालवांच्या शिंपल्यांच्या पट्ट्याजवळ नांगर टाकला. सव्वाआठ वाजले होते. बाबा घड्याळ बघून खूश. नऊची भरती, पाणी चढतंय, मासा येणारच.

नऊ वाजले. पाणी तिथेच. दहा वाजले. बूच जिथे टाकलं तिथेच उभं, बोटीखालून वाहत जायचं नावच घेत नव्हतं. पिनफिश नावाचे बोटभर मासे खालून कोळंब्या कुरतडत होते. शंभरातल्या चाळीस गेल्या. मित्राच्या गरीला एकदम ओढ बसली, सगळे उभे राहिले, आणि वर आला तो मिश्या असलेला, चिकट, करड्या रंगाचा शिंगाळा. इथे त्याला हार्डहेड म्हणतात आणि शिव्या देऊन परत फेकतात. बाबा ओरडले, “अरे शिंगाळो तो! तिखला करूया!” एवढ्यात मित्राने तो हातात घेतला.

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांजवळ काटे असतात आणि त्यांना विष असतं. पाठीवरचा काटा अंगठ्यात घुसला. रक्त थोडं, कळ मात्र खांद्यापर्यंत. कॅप्टन औषधाची पेटी उघडेपर्यंत बाबांनी थर्मासमधला चहा वाटीत ओतला, स्वतःच्या बोटाने ऊन बघितलं आणि मित्राचा अंगठा त्यात धरून ठेवला. हे विष उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे सोसेल तेवढ्या गरम पाण्यात जखम बुडवायची हाच प्रथमोपचार. तो कॅप्टनलाही ठाऊक होता, फक्त चहात करतात हे नव्हतं. वीस मिनिटांनी कळ उतरली. विदर्भाने आयुष्यात पहिल्यांदा वेलचीच्या चहात अंगठा बुडवला.

पाणी का हलत नाही, हे दुपारी कळलं. कॅप्टनने फोनवर भरतीचा तक्ता दाखवला. दिवसभराची चढ-उतार जेमतेम चार इंच. शिवाय मेक्सिकोच्या आखाताच्या या किनाऱ्यावर दिवसात भरती एकच आणि ओहोटी एकच. आखात जवळजवळ बंद तळ्यासारखं असल्यामुळे दिवसातून दोनदा येणारी लाट इथे फार क्षीण होते. उरते ती दिवसातून एकदाची, आणि तिचा जोर चंद्राच्या कलांवर ठरत नाही. चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकलाय, यावर ठरतो. चंद्र लांब असेल तर भरती फूट-दीड फुटाची, विषुववृत्तावर आला की पाणी थिजलं. आणि आश्विनात सूर्य विषुववृत्ताजवळ असतो, त्यामुळे त्याच्या बरोब्बर समोरचा पौर्णिमेचा चंद्रही तिथेच घुटमळतो. म्हणजे कोकणात कोजागिरीला पुरुषभर पाणी चढतं त्याच दिवसांत इथे अगदी मरतुकडं पाणी.

मी हे बाबांना बोटीतल्या बादलीवर आणि दोन लिंबांवर करून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. “पुनवेक उधाण येवकच व्हया,” ते म्हणाले आणि गरी टाकली.

तेव्हाच, योगायोगाने म्हणा, त्यांचं बूच नाहीसं झालं. बुडालं वगैरे नाही, नाहीसंच झालं. कॅप्टन ओरडला, “झटका मारू नका, पॉप्स, नुसतं गुंडाळा!” ट्राउटचं तोंड कागदासारखं नाजूक असतं. जोरात ओढलं तर गळ फाडून सुटतो. मासा वर आला, डोकं झटकत, पाणी उडवत, आणि कॅप्टनने जाळीत घेतला. रुपेरी अंग, पाठीवर आणि शेपटीवर काळे ठिपके, तोंडाच्या आत पिवळा रंग आणि वरच्या जबड्यात पुढे सुळे. सोळा इंच. ठेवायला तेरा ते वीस इंच चालतो, वीसच्या वरचे फक्त दोन.

बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मासा बोलला. कुर्र्, कुर्र्. बेडकासारखा. बाबांनी कान लावला, कल्ला उचलून पाहिला, पोट चाचपलं.

“ढोमो,” ते म्हणाले.

आणि ते शंभर टक्के बरोबर होते. नावात ट्राउट असला तरी हिमाचलच्या नद्यांतल्या ट्राउटशी याचं काही नातं नाही. हा सायनिडी कुळातला, म्हणजे आपला ढोमा, आपली घोळ यांचा भाऊबंद. या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात. घोळीच्या याच पिशवीला, बोताला, सोन्याचा भाव येतो. ठिपकेवाल्यात हा आवाज फक्त नर काढतो. शास्त्रज्ञांना लॅटिन नाव लागतं, बाबांना कान पुरला.

दिवसअखेर चार मासे. तिघांत चार. रात्री बाबांनी ते रवा लावून तळले आणि खाताना म्हणाले की चव ढोम्यापेक्षा बरी, पण मांस मऊ आहे, सार करू नये. माझंही तेच मत आहे. हा मासा ताजाच खावा, फ्रीजरमध्ये त्याचा लगदा होतो.

रविवार

सकाळी दक्षिणेचा दमट वारा, दहाला काळं आभाळ, अकराला पाऊस. कॅप्टनचा निरोप आला: उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा येतोय, आज नको, उद्या सकाळी बघू. आम्ही स्टेट पार्कच्या धक्क्यावर जाऊन आलो. दोन ढोमे आणि एक भिजलेली टोपी.

दुपारी बाबा कॅम्पच्या भिंतीवरचा जुना नकाशा बघत होते. त्यात जिथे जमीन दाखवली होती त्या कितीतरी जागी आम्ही काल बोट चालवली होती. 1932 पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. मिसिसिपीला बांध घातल्यामुळे तिचा गाळ पसरायचा थांबला, तेलवाहिन्यांसाठी कालवे खणले, त्यातून खारं पाणी आत शिरलं आणि गवत मेलं. गवताची मुळं गेली की चिखल धरून ठेवायला कोणी नाही. देवबागला दर पावसाळ्यात समुद्र किती आत आला ते मोजणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, “हेंका पण दगडी बंधारो व्हयो.” मग स्वतःच म्हणाले, “दगड खंयसून हाडतले?” खरंच, या सगळ्या मुलखात एक दगड दिसला नव्हता.

संध्याकाळी वारा फिरला. अर्ध्या तासात अंगावर स्वेटर. झोपायच्या आधी बाबा विजेरी घेऊन धक्क्यावर गेले आणि मला हाक मारली. सुतळी हवेत लोंबत होती. पाणी तिच्याखाली हातभर गेलं होतं आणि खांबांवरची कालवं उघडी पडली होती.

“भरती नाय, सुकती नाय, आणि पाणी खंय गेला?”

वाऱ्याने नेलं होतं. खाडी उथळ, उत्तरेचा वारा सलग आठ-दहा तास वाहिला की तो पाणी ढकलत ढकलत खिंडींतून आखातात घालवतो. भरतीच्या तक्त्यात हे नसतं. बाबांनी एकच शब्द काढला: “मतलई.” जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. आपल्याकडे त्यावर होड्या बाहेर काढतात, इथे तो पाणीच बाहेर काढतो.

सोमवार, कोजागिरी

कॅप्टनने या दिवसासाठी दुसरी जागा धरली होती. उघडी खाडी खवळलेली आणि गढूळ, म्हणून आत, गवताळ बेटांच्या आडोशाला, जिथे एक अरुंद ओहळ बेटाच्या पोटातलं पाणी बाहेर सोडतो. बोट काठीने रोवून उभी केली. ओहळाच्या तोंडाशी पाण्याला स्पष्ट धार होती, वर गवताच्या काड्या वाहत होत्या. शेवटे मासे उड्या मारत होते, अगदी आपलेच शेवटे, जात तीच. बाबांनी ती धार पाहिली आणि कॅप्टनला काही न विचारता गरी धारेच्या वरच्या अंगाला टाकली, म्हणजे बूच वाहत वाहत तोंडापाशी येईल. कॅप्टनने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

पहिलाच गुळुप्. मग शांतता. मी मोजत होतो. सतराला बूच गेलं.

त्यानंतरचा दीड तास नीट सांगता येणार नाही. बेटातल्या डबक्यांमधून पाणी उतरत होतं, त्याबरोबर कोळंबी उतरत होती आणि तोंडाशी ट्राउट रांगेत उभे होते. तिघांच्या गऱ्या एकदम वाकत होत्या. वाऱ्याने दोरीला कमानीसारखा बाक येतो, तो आधी गुंडाळून घेतल्याशिवाय झटक्याचा जोर बुचापर्यंत पोचतच नाही, हे मी शिकलो. मित्रही मोजायला शिकला होता, मोठ्याने, मराठीत. बाबा तर बुचाशी खेळायला लागले होते. दोन लहान, एक मोठा, मग थांबा. दोन लहान, एक मोठा. मी म्हटलं, हा एसटीच्या घंटीचा प्रकार आहे. ते हसले नाहीत. कामात होते.

मधेच नाक वर करून ते म्हणाले, “कलिंगडाचो वास खंयसून येता रे?” मी भाषांतर केलं आणि कॅप्टन उठूनच उभा राहिला. पोटभर खाल्लेले ट्राउट अर्धवट पचलेलं ओकतात, त्याचा तेलकट चकचकीत तवंग वर येतो आणि त्याला कलिंगडासारखा वास असतो. इथले जुने कोळी वासावर मासे शोधतात. वाऱ्याच्या वरच्या अंगाला शंभर पावलांवर तो तवंग दिसला, घोंगडीएवढा, गुळगुळीत. आम्ही हळूच तिकडे सरकलो. त्यावर घिरट्या घालणारे गल पक्षी गोळा झाले आणि खालून कोळंब्या टपटप उड्या मारायला लागल्या.

एकवीस मासे झाल्यावर बाबांनी गरी गुंडाळली. नियमाने पंचेचाळीसपर्यंत जाता आलं असतं. मित्र हळहळला. पण बर्फ एका पेटाऱ्याचा आणि मासा न टिकणारा. बाबांनी शिल्लक सुंगटं मागितली. कॅप्टनने ती देऊन टाकली. पंचवीस होती, तीही अजून पाय मारणारी.

धक्क्यावर कॅप्टनने विजेच्या सुरीने एकेक मासा मिनिटाच्या आत सोलला. डोकी आणि काटे पाण्यात भिरकावले की तपकिरी पेलिकन झेलत होते. बाबांच्या जिवाची घालमेल झाली. चौथ्या माशाला त्यांनी हात पुढे केला आणि पुढची सगळी डोकी पातेल्यात घेतली. एका तुकड्यात पांढरा दोऱ्यासारखा किडा निघाला तेव्हा मित्र दोन पावलं मागे गेला. शार्कच्या पोटात मोठ्या होणाऱ्या फीतकृमीची ती अळी. या माशात ती नेहमीच सापडते आणि माणसाला तिचा काही त्रास नाही. बाबांनी नखाने काढून टाकली आणि पुढचा तुकडा उचलला.

संध्याकाळी डोक्यांची आगळ घालून कढी, सुंगटांचं सुक्कं, आणि तुकड्या अर्ध्या रव्यात, अर्ध्या कॅप्टनने दिलेल्या मक्याच्या पिठात. मक्याचं पीठ जास्त कुरकुरीत होतं, हे मी घरी सांगणार नाही. सगळं बाबांनी रांधलं आणि एक घासही तोंडात घातला नाही, कारण सोमवार. मिठाचा अंदाज त्यांनी वासावर घेतला. आम्ही दोघे जेवलो आणि ते केळं खात बसले. शुक्रवारी एकादशी, सोमवारी वार. मासेमारीच्या चार दिवसांतले दोन त्यांनी असे घालवले.

रात्री दूध आटवलं. केशर, वेलची, चारोळी, घरून आणलेला मसाला. थंडी चांगली पडली होती, वारा थांबला होता आणि आखातावर चंद्र असा आला की धक्क्यावरच्या दिव्याची लाज वाटावी. पेले भरून चंद्राला दाखवून ठेवले. बाबा मात्र सव्वाअकराची वाट बघत होते. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. पुनवेचं उधाण.

सव्वाअकराला आम्ही तिघेही धक्क्यावर. बाबांनी विजेरी मारली. पाणी सकाळी होतं त्याच्या किंचित वर असेल-नसेल, आणि सुतळी तशीच लोंबत होती.

त्यांनी फोन काढून आईला लावला. तिकडे पावणेदहा वाजले होते, सकाळ.

“पाणी खंय पावला गो?”

“वयच्या पायरेर इला. अजून चढता हा.” मागे भांडी वाजत होती. “तुमी जेवलात?”

“आज सोमवार.”

“हंय मंगळवार झालो. आता बांगडे घेतलंय, सात.”

बाबा जरा वेळ गप्प राहिले. फोन खिशात ठेवला. मग त्यांनी हातातला दुधाचा पेला न पिताच कठड्यावर ठेवून दिला आणि मला विचारलं, मक्याच्या पिठातली एखादी तुकडी उरली आहे का.